अंगण वाकडं आहे का, ते मोजायचं कसं?

'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण आपण दुसऱ्यावर हसण्यासाठी वापरतो. नाचणाऱ्याला दोष द्यायचा आणि अंगणाला निर्दोष सोडायचं, हे त्या म्हणीतच ठरलेलं आहे. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडं असतं, त्याचं काय? ते वाकडं आहे की नाही, हे नाचणाऱ्याच्या पायांवर विसंबून न राहता कसं ठरवायचं? आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याच्या मुळाशी हा एवढाच प्रश्न आहे. विषय आहे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीचा, म्हणजे ज्याला नेमबाज 'स्कोप' म्हणतात त्याचा, आणि हा स्कोप खरा की खोटा हे माणसं कशी पारखत आली, याचा.

मी नेमबाज नाही. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टूच्या रायफलीतून काही गोळ्या झाडल्या, तेवढाच माझा अनुभव. मला ओढ आहे ती उपकरणांच्या इतिहासाची, आणि त्या इतिहासात स्कोपइतकं बोलकं उपकरण क्वचितच सापडेल. कारण कागदावर गोळीचं भोक पडतं ते एकच, पण ते तिथे पडण्यामागे कारणं असतात अनेक. हात हलला, श्वास चुकला, वारा आला, काडतुसात दारू कमी-जास्त भरली गेली, नळी तापली किंवा दुर्बिणीतली खूण सरकली. भोक यातलं काहीच सांगत नाही. कारणं एकमेकांपासून सोडवायची कशी, याचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा खटाटोप म्हणजे हा इतिहास.

सुरुवात मात्र बंदुकीपासून होत नाही, ती होते एका कोळ्यापासून. दुर्बीण युरोपात १६०८च्या सुमारास आली आणि पुढच्याच वर्षी गॅलिलिओनं ती आकाशाकडे वळवली. पण गॅलिलिओच्या दुर्बिणीनं नेम धरता येत नव्हता. तिच्यात डोळ्याजवळचं भिंग अंतर्गोल होतं, त्यामुळे नळीच्या आत प्रतिमा कुठेच तयार होत नसे. केप्लरनं १६११ मध्ये दोन बहिर्गोल भिंगांची दुर्बीण सुचवली. तिच्यात प्रतिमा उलटी दिसते खरी, पण ती नळीच्या आत एका ठरावीक जागी तयार होते. त्या जागी काही ठेवलं, तर ते आणि दूरचा तारा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. हे कळायला एक अपघात व्हावा लागला. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहणारा विल्यम गॅस्कॉइन हा तरुण खगोलप्रेमी १६४०च्या आसपास आपल्या उपकरणाशी खटपट करत होता. उघड्या राहिलेल्या नळीत एका कोळ्यानं धागा ताणला, आणि तो नेमका प्रतिमेच्या जागी. गॅस्कॉइननं डोळा लावला, तर आकाशावर एक रेघ ओढलेली! त्यानं त्यातून तारांची खूण आणि कोन मोजायचं सूक्ष्ममापी यंत्र बनवलं. पुढे इंग्लंडच्या यादवी युद्धात १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. त्याची खूण मात्र टिकली. जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणींत कोळ्याचा धागा विसाव्या शतकापर्यंत वापरात होता.

ही खूण रायफलवर यायला आणखी दोनशे वर्षं गेली, कारण तोवर रायफलच तेवढ्या लायकीची नव्हती. हातभर इकडेतिकडे गोळी टाकणाऱ्या बंदुकीवर दुर्बीण बसवणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं घड्याळ लावण्यासारखं. अमेरिकेत जॉन रॅटक्लिफ चॅपमन या इंजिनिअरनं १८४८ मध्ये सुधारित अमेरिकन रायफलवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात रायफलच्या नळीएवढ्या लांब दुर्बिणीचं वर्णन केलं. युटिका गावचा बंदूककार मॉर्गन जेम्स तशा दुर्बिणी बसवून देत असे. १८५५च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्याच सिरॅक्यूज इथे विल्यम माल्कमनं स्कोप बनवायला सुरुवात केली. त्यानं रंगदोष काढलेली भिंगं वापरली, त्यामुळे लक्ष्याभोवती निळ्या-तांबड्या कडा दिसेनाशा झाल्या. ब्रिटनमध्ये हेच काम डेव्हिडसन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं केलं. हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला. त्याची आखूड दुर्बीण रायफलच्या डोक्यावर न बसता डाव्या बाजूला बसे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर ती होती.

व्हिटवर्थ हे नाव आलंच आहे, तर इथे थोडं थांबू या. जोसेफ व्हिटवर्थ हा मँचेस्टरचा यंत्रकार. स्क्रूच्या आट्यांना एक ठरावीक माप असावं, हा आग्रह यानंच धरला. एका इंचाच्या दशलक्षाव्या भागाचा फरक दाखवणारं यंत्र यानंच बनवलं. ब्रिटिश सरकारनं त्याला रायफल सुधारायला सांगितलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदा रायफल बनवलीच नाही. त्यानं आपल्या घराच्या आवारात पाचशे यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधली. का? तर वारा नको म्हणून. गोळीच्या वाटेत ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे लावले, म्हणजे गोळी कुठून कशी गेली ते प्रत्येक भोकावरून कळावं. एका वादळात ही गॅलरी कोसळली, तर त्यानं ती पुन्हा उभी केली. एकेक कारण बाजूला काढत जायचं, ही या इतिहासातली पहिली मोठी पायरी.

निकाल काय लागला? १८५७ मध्ये सरकारी एनफिल्ड आणि व्हिटवर्थ या रायफलींची समोरासमोर चाचणी झाली. पाचशे यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट दूर पडल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. म्हणजे एकीला सव्वादोन फूट लागत होते, तिथे दुसरी साडेचार इंचांत आटपत होती. लक्षात घ्या, इथे कुणी 'ही रायफल झकास आहे' असं म्हटलं नाही. आकडा मांडला. पारख आणि प्रशंसा यांतला फरक इथून सुरू होतो.

१८६० सालच्या २ जुलैला लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा भरला. पहिली गोळी झाडली राणी व्हिक्टोरियानं, चारशे यार्डांवरून, आणि ती लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली. राणी काही नेमबाज नव्हती. रायफल व्हिटवर्थची होती, ती एका लोखंडी आधारावर पक्की बसवली होती, नेम आधीच धरून ठेवला होता, आणि राणीनं फक्त घोड्याला बांधलेली रेशमी दोरी ओढली. समारंभाची ही गंमत म्हणून सगळे सांगतात. मला मात्र त्यात एक प्रयोग दिसतो. माणसाचा हात पूर्णपणे काढून घेतला, तर रायफल काय करते, हे हजारो लोकांसमोर दाखवलं गेलं. त्या दिवशी सव्वा इंचाचं श्रेय राणीचं नव्हतं, आणि चूक झाली असती तर तीही राणीची नसती.

उलट बाजूचं उदाहरणही त्याच काळातलं आहे. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर इथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात सामना झाला. आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. दुर्बिणी नव्हत्या. होत्या त्या बारीक छिद्राच्या, व्हर्नियर पट्टीनं वर-खाली होणाऱ्या दृष्टिपट्ट्या. अमेरिकेनं ९३४ विरुद्ध ९३१ अशा तीन गुणांनी सामना जिंकला. आयर्लंडच्या मिल्नर नावाच्या नेमबाजाची एक गोळी बरोबर मध्यावर लागली होती, पण शेजारच्या लक्ष्याच्या! त्या गोळीचे चार गुण गेले. रायफल निर्दोष, दृष्टिपट्टी निर्दोष, वाराही निर्दोष. त्या दिवशी अंगण सरळ होतं.

पुढची पायरी एका डॉक्टरनं चढली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिलफर्ड गावचे डॉ. फ्रँकलिन मान. यांना एकच वेड होतं. चांगल्या रायफलीतून, चांगल्या हातानं, वारा पडलेला असताना झाडलेली गोळीसुद्धा कधी कधी भलतीकडे का जाते? त्यांनी आपल्या जागेवर काँक्रीटचा भलामोठा ठोकळा जमिनीत रोवला आणि त्याला नाव दिलं 'शूटिंग जिब्राल्टर'. त्यावर व्ही आकाराची खाच असलेला आधार. रायफलीच्या नळीवर अगदी गोल घासलेली कडी बसवून ती नळी त्या खाचेत ठेवायची. धक्क्यानं नळी मागे जाईल, पण तिरपी होणार नाही. आता गंमत बघा, यात नेम धरायचाच नव्हता. दृष्टिपट्टी नाही, दुर्बीण नाही, डोळा नाही, खांदा नाही. उरली फक्त नळी आणि गोळी. १९०९ मध्ये त्यांचं 'द बुलेट्स फ्लाइट' हे पुस्तक आलं. गोळीच्या बुडाला आलेला किंचित तिरपेपणा किंवा गोळीतला तोल बिघडणं तिला वाटेवरून कशी ढकलतं, हे त्यांनी कागदाच्या पडद्यांवरच्या भोकांतून दाखवलं. पुस्तकात फसलेले प्रयोगही आहेत. वर्षानुवर्षं खपून एखादी शंका चुकीची निघाली, तर तेही त्यांनी लिहून ठेवलं. आपल्या आवडत्या समजुतीविरुद्ध गेलेला पुरावा जपून ठेवणारी माणसं थोडी असतात.

या सगळ्यात स्कोपची स्वतःची परीक्षा कधी सुरू झाली? जेव्हा रायफल आणि गोळी इतक्या सुधारल्या की संशयाची सुई दुर्बिणीकडे वळली, तेव्हा. १९२०च्या दशकात पिट्सबर्गमध्ये फेकर नावाची कंपनी होती. ही मूळची वेधशाळांना दुर्बिणी पुरवणारी माणसं. त्यांनी निशाणीच्या रायफलींसाठी लांब, बारीक स्कोप बनवायला घेतले. त्यांच्याकडेच काम केलेल्या जॉन उनर्टलनं १९३४ मध्ये त्याच गावात आपला कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन सैनिकांच्या स्प्रिंगफील्ड रायफलींवर उनर्टलचे आठपट मोठं दाखवणारे स्कोप होते. या स्कोपची रचना साधी होती. नेम वर-खाली किंवा डावा-उजवा करायचा तर दुर्बिणीच्या आत काही हलायचंच नाही, अख्खी दुर्बीण हलायची. तिच्या मागच्या टोकाला मायक्रोमीटरचे दोन स्क्रू आणि समोरून दाबणारी एक स्प्रिंग. गोळी झाडली की धक्क्यानं स्कोप आपल्या खोबणीत पुढे सरके, आणि नेमबाज तो हातानं मागे ओढून घेई. दिसायला ओबडधोबड, पण काय हलतंय ते डोळ्यांनी दिसे.

शिकारीला आणि सैन्याला असा नाजूक सांगाडा नको होता. म्हणून हलणारे भाग नळीच्या आत गेले. आजच्या बहुतेक स्कोपमध्ये मुख्य नळीच्या पोटात दुसरी बारीक नळी असते. वरच्या आणि बाजूच्या गोल बटणाचा स्क्रू तिला एका बाजूनं ढकलतो, आणि समोरून स्प्रिंग तिला परत दाबते. बटण फिरवलं की 'टिक' असा आवाज येतो, त्याला क्लिक म्हणतात. एक क्लिक म्हणजे साधारण पाव 'कला'. हा शब्द पंचांग पाहणाऱ्यांना परका नाही. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. शंभर यार्डांवर एक कला म्हणजे १.०४७ इंच. आता प्रश्न असा, की बटण 'टिक' म्हणालं म्हणून आतली नळी खरोखर तेवढीच सरकली का? स्प्रिंग सैल पडली असेल तर? तेल घट्ट झालं असेल तर? आवाज बाहेर येतो, काम आत होतं, आणि आत काय झालं ते दिसत नाही.

यासाठी नेमबाजांनी 'चौकोनाची चाचणी' काढली. आधी एक गोळी मध्यावर झाडायची. मग वीस क्लिक उजवीकडे, गोळी. वीस वर, गोळी. वीस डावीकडे, वीस खाली, आणि परत पहिल्या जागी. कागदावर नीट चौकोन उमटला आणि शेवटची गोळी पहिलीच्या भोकात गेली, तर स्कोप प्रामाणिक. चाचणी देखणी आहे, मासिकांत तिचे फोटो छान येतात. पण तिच्यात एक खोट आहे. समजा, तुमची रायफल एक इंचाच्या वर्तुळात गोळ्या टाकते. मग पाव इंचाच्या क्लिकची चूक त्यातून कशी कळणार? किलोच्या वजनांनी सोनं मोजण्यातला हा प्रकार. कोपऱ्यावर एकच गोळी झाडली आणि ती अर्धा इंच सरकली, तर दोष क्लिकचा, रायफलीचा, की हाताचा? आपण पुन्हा पहिल्याच प्रश्नापाशी येतो.

म्हणून जाणत्यांनी मान डॉक्टरांचाच मार्ग धरला. स्कोप पारखायचा तर गोळी झाडूच नका! रायफल किंवा नुसता स्कोप जड आधारात घट्ट आवळायचा. बरोबर शंभर मीटर अंतर फितीनं मोजायचं, पावलांनी नव्हे. तिथे उंच फळी उभी करायची आणि तिच्यावर गवंडी वापरतो तो ओळंबा सोडून त्या दोरीबरहुकूम उभी रेघ मारायची. रेघेवर सेंटीमीटरच्या खुणा. मग स्कोपमधून पाहत बटण फिरवायचं आणि फुली किती सरकली ते वाचायचं. मेट्रिक पद्धतीच्या स्कोपमध्ये हिशेब सोपा असतो. शंभर मीटरवर एक मिलिरेडियन म्हणजे दहा सेंटीमीटर. दहा मिलिरेडियन फिरवलं तर फुली बरोबर एक मीटर सरकायला हवी. ती अठ्ठ्याण्णव सेंटीमीटरच सरकली, तर स्कोप शंभरात दोन खोटं बोलतो.

दोन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. हजार यार्डांच्या स्पर्धेसाठी शंभर यार्डांवर साधलेला स्कोप वर करावा लागतो, काडतुसाप्रमाणे तीसेक कला. तिसाचे दोन टक्के म्हणजे ०.६ कला, आणि हजार यार्डांवर ते होतात सव्वासहा इंच. तिथे दहा गुणांचं वर्तुळ साधारण दहा इंच व्यासाचं, म्हणजे मध्यापासून काठ पाच इंचांवर. नेम अचूक धरला तरी गोळी वर्तुळाबाहेर! आणखी एक गोम आहे. काही बनावटींची क्लिक खऱ्या कलेची असते, तर काहींची शंभर यार्डांना सरळ एक इंच धरून केलेली. शंभर यार्डांवर हा फरक डोळ्यांत भरत नाही. हजार यार्डांवर तीस कलांमागे तो चौदा इंच होतो. त्या ओळंब्याच्या रेघेचा दुसराही उपयोग आहे. बटण फिरवताना फुली रेघेवरूनच चढली पाहिजे. स्कोप बसवताना तो एका अंशानं जरी कलला, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढाच, तरी हजार यार्डांवर गोळी पाच-साडेपाच इंच बाजूला जाते. नेमबाज मग वाऱ्याला दोष देतो. वारा बिचारा काय बोलणार!

तिसरी परीक्षा पराशयाची. स्कूटरवर मागे बसून वेगाचा काटा पाहिला, तर चालवणाऱ्याला दिसतो त्यापेक्षा वेगळा आकडा दिसतो, कारण काटा आणि तबकडी एका पातळीत नसतात. स्कोपमध्ये लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एका पातळीत नसली की हेच होतं. पारखायची रीत सोपी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, हात लावायचा नाही, आणि डोळा हळूच डावी-उजवीकडे न्यायचा. फुली लक्ष्यावर फिरताना दिसली, तर जुळणी हवी. निशाणीच्या स्कोपला यासाठी वेगळं बटण किंवा पुढच्या भिंगाला कडी असते. इथे गॅस्कॉइनच्या कोळ्याची आठवण येते. त्यानं धागा अगदी बरोबर जागी ताणला होता.

काचेची परीक्षाही आकड्यांत होते. नुसत्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठभाग असले, तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच जातो. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये भिंगावर अतिशय पातळ थर चढवून ही गळती कमी केली. बारकावा किती दिसतो हे तपासायला अमेरिकन हवाई दलानं १९५१ मध्ये ठरवलेला तीन-तीन पट्ट्यांचा तक्ता आजही वापरतात. कोणत्या जाडीच्या पट्ट्यांपर्यंत तीन वेगवेगळ्या दिसतात आणि कुठे त्या एकमेकींत मिसळतात, ते पाहायचं. 'काच अगदी स्वच्छ आहे हो' या वाक्याला त्या तक्त्यासमोर काही किंमत राहत नाही. मात्र उन्हात शंभर मीटरवर जमिनीवरून गरम हवा उठू लागली, की मृगजळ सगळ्याच स्कोपना सारखं लेखतं. म्हणून ही पारख सकाळीच करावी लागते.

महायुद्धानंतर अमेरिकेत 'बेंचरेस्ट' नेमबाजी रुजली. भक्कम टेबल, वाळूच्या पिशव्या, आणि पाच किंवा दहा गोळ्या जास्तीत जास्त लहान वर्तुळात टाकायची शर्यत. यातल्या उत्तम रायफली शंभर यार्डांवर पाच गोळ्या पाव इंचाच्या आत टाकू लागल्या. आणि तरीही मधूनच एखादी गोळी निष्कारण बाहेर. नेमबाजांनी नळ्या बदलल्या, गोळ्या बदलल्या, दारू बदलली, झोपेच्या वेळासुद्धा बदलल्या असतील. शेवटी कुणीतरी एकाच रायफलीवर शेजारी-शेजारी दोन स्कोप बसवले. एक संशयित, दुसरा भरवशाचा. दोघांची फुली एकाच ठिपक्यावर लावायची, गोळी झाडायची, मग पुन्हा पाहायचं. धक्क्यानंतर दोन फुल्यांमधलं अंतर बदललं असेल, तर दोघांपैकी एक नक्की सरकला. असं तपासता महागडे, नावाजलेले स्कोपही हलताना सापडले. हलत होता तो नळीच्या पोटातला तोच भाग, जो पन्नास वर्षांपूर्वी सोयीसाठी आत नेला होता.

मग काय केलं? काहींनी आतली नळी चक्क चिकटवून टाकली, आणि नेम बदलण्यासाठी अख्खा स्कोपच हलवणारी बैठक पुन्हा बाहेर बसवली. म्हणजे उनर्टलच्या काळातली रचना! उपकरणांच्या इतिहासात प्रगती नेहमी पुढेच जाते असं नाही. दोष कुठे आहे ते नेमकं कळलं, की कधी कधी आजोबांचं अवजार माळ्यावरून खाली काढावं लागतं.

आपल्याकडच्या वाचकांना वाटेल, आपल्या नेमबाजांच्या रायफलींवर कुठे दिसतो हा स्कोप? खरं आहे. ऑलिंपिकमधल्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला बंदी आहे. अपवाद होता तो धावत्या लक्ष्याचा, आणि तो प्रकार २००४च्या अथेन्सनंतर ऑलिंपिकमधून गेला. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत असो किंवा २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे असो, त्यांच्यासमोर असते ती बारीक छिद्राची दृष्टिपट्टी. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. पण पारखण्याचा धडा तोच लागू होतो. २००८ मध्ये बीजिंगला अंतिम फेरीच्या तोंडावर अभिनव बिंद्राची सरावाची पहिली गोळी मध्यापासून भलतीच दूर गेली. त्याच्यासारख्या नेमबाजाचा हात एवढा चुकत नाही. दृष्टिपट्टी सरकलेली आहे, हे त्यानं ओळखलं, हातात असलेल्या मोजक्या मिनिटांत ती पुन्हा जुळवली आणि ७००.५ गुणांनी सुवर्णपदक घेतलं. 'अंगण वाकडं आहे' असं म्हणायचा अधिकार कुणाला असतो, तर आपला पाय कुठे पडतो हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याला.

स्कोपला मुभा असलेला आणि मला विशेष आवडलेला प्रकार म्हणजे 'एफ क्लास'. कॅनडातले ज्येष्ठ नेमबाज जॉर्ज फारकरसन यांच्या नावाचं हे आद्याक्षर. आयुष्यभर पोटावर झोपून, पट्टा आवळून, छिद्रातून नेम धरलेल्या माणसांचे डोळे अधू होतात, कोपरं दुखू लागतात. त्यांनी मैदान सोडावं का? फारकरसन म्हणाले, नाही. रायफलीला पुढे आधार द्या, वर स्कोप बसवा, लक्ष्याचं वर्तुळ लहान करा आणि झाडा गोळ्या हजार यार्डांवर. इथे स्कोप चैनीची वस्तू राहत नाही. साठी-सत्तरीतल्या माणसाचा तो डोळाच होतो. तो खोटं बोलला, तर त्या माणसाला वाटतं आपलंच वय झालं, आता हात थरथरतो. आणि तो रायफल कपाटात ठेवून देतो. न तपासलेल्या उपकरणानं माणसावर केलेला हा अन्याय कुठल्याही गुणपत्रकात दिसत नाही.

म्हणून मला ओळंब्याची ती दोरी मोलाची वाटते. तिला दोन रुपये खर्च नाही. ती स्कोपची किंमत विचारत नाही, बनवणाऱ्याचं नाव विचारत नाही, नेमबाजाची पदकंही विचारत नाही. शंभर मीटरवर ती सरळ खाली लोंबकळते, आणि फुली तिच्यावरून चढते किंवा चढत नाही. एवढं एकदा पाहून घेतलं, की मग गोळी बाहेर गेल्यावर स्वतःकडे बोट दाखवायला माणूस कचरत नाही, कारण ते बोट आता योग्य जागी असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)